तैवानच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतलं अदबीचं बोलणं कसं शिकवू?

खानापूरच्या बाई:
नमस्कार. मी खानापुरातून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. सध्याचे विद्यार्थी तैपेईचे, नोकरदार. त्यांचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे पाच. पोलाइट, कन्सिडरेट, रूड अशी यादी सगळ्यांची तोंडपाठ आहे. पण बोलायला लागले की 'प्लीज गिव्ह मी द फाइल', हुकूम सोडल्यासारखं. मनात अदब भरपूर आहे हो! रोज मान लववून 'हॅलो टीचर' म्हणतात. अशा मुलांना परदेशी साहेबानं उद्धट समजावं, हे मला बघवत नाही. यादी सोडून आणखी काय करून घेऊ?

निपाणीचे मास्तर:
ताई, चिनीत वाक्याच्या सुरुवातीला 'छिंग' लावलं की विनंती होते. तेच ते प्लीज लावून करतात. इंग्रजीत साहेबाला नुसतं प्लीज पुरत नाही, विचारावं लागतं: 'कुड यू सेंड मी द फाइल?' आपल्या पोरांचंही तेच होतं. इथं बाजारात कानडीत 'बर्री, कूड्री' (या, बसा) म्हटलं की त्या 'री'तच मान आला. इंग्रजीत तशी सोय नाही, वाक्यच लांबवायचं.

'वुड यू माइंड वेटिंग?' याला मात्र एक अख्खा तास द्या. थांबायची तयारी असलेला मुलगा खुशीनं 'येस' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, याची हरकत आहे. 'नॉट अ‍ॅट ऑल' तोंडात बसेपर्यंत घोटून घ्या.

तैपेईत राहिलेला बेळगावकर:
अक्का, तिथं दिवसभर एकच शब्द कानावर पडतो, 'बू हाओ ईस', म्हणजे 'माफ करा' असं. वेटरला बोलवायचंय, गर्दीतून उतरायचंय, यायला उशीर झालाय, सगळीकडे तोच. म्हणून ही मंडळी इंग्रजीतही ऊठसूट सॉरी म्हणतात. वाट मागताना किंवा कुणाला थांबवताना 'एक्स्क्यूज मी', धक्का लागल्यावर 'सॉरी', हे प्रसंग उभे करून बोलायला लावा की.

आणि रिस्पेक्टबद्दल एक. वडीलधाऱ्यांविषयीच्या आदराला ते 'त्सुनजिंग' म्हणतात. दुसऱ्याच्या मताचा, हक्काचा मान राखणं ते 'त्सुनजुंग'. इंग्रजीत दोन्हीला रिस्पेक्टच. त्यामुळे 'आय रिस्पेक्ट युवर डिसिजन' हे साहेबही हाताखालच्याला म्हणू शकतो, हे मुद्दाम सांगा. थोरांसाठी 'लुक अप टू' शिकवा.

खानापूरच्या बाई:
मास्तर, दादा, फार आभार. उद्याच 'वुड यू माइंड' घेते, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. आता 'टीचर' म्हणणं बंद करायला सांगू का?

निपाणीचे मास्तर:
तुम्हाला म्हणू देत, त्यात त्यांची माया आहे. बाहेरच्या प्राध्यापकाला मेल करताना मात्र 'डिअर प्रोफेसर' आणि पुढे आडनाव. आडनावच, हे दोनदा सांगा. चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणून इंग्रजी नावातला पहिला शब्दच ते उचलतात.