मदत हवी आहे: डाळ मिलच्या पोट्ट्यांना कसं शिकवता?

राजेहो, दर्यापूरकडे आपली छोटी तूरडाळ मिल आहे, 14 माणसं. जुने मिस्त्री रोलरखालची तूर मुठीत घेतात, तळहातावर चोळतात आन् साल किती सुटलं ते सांगतात. नवीन पोट्टे नुसते मीटरकडे पाहतात. परवा रोलर जास्त टाईट राहिला, दोन क्विंटल तुरीची चुनीच (तुकडा आन् भुगा) झाली. मिस्त्री म्हणे पोट्ट्याची चूक, पोट्टा म्हणे मला कोणी सांगितलंच नाही. मला तर दोघंही खरे वाटले! तेव्हापासून दोघं चहालाही सोबत बसत नाहीत.

2016 पासूनच्या राष्ट्रीय अप्रेंटिस प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही वाटा सरकार देते. 4 ते 29 माणसांच्या युनिटला अप्रेंटिस ठेवणं ऐच्छिक आहे, म्हणजे आपल्यालाही जमते. कोणी आयटीआयचे पोट्टे असे घेतले का? टिकले का? आन् मिस्त्रीच्या हातातली कला त्यांच्यात उतरवायला नेमकं काय केलं?

एकानं सुचवलं, सगळ्यांना शेगावला सहलीला न्या, एकी होते. नेईनही, जानेवारीत नवी तूर यायच्या आधी. पण त्यानं चुनी थांबते का भाऊ? भाषण देणारा ट्रेनर नको, मशीनपाशी उभा राहणारा कोणी असेल तर सांगा.