आधीच्या मालकाचे विनापरवाना फेरफार : नोटिशीची पूर्तता आणि दररोज वाढणारा दंड

प्रश्न : नवे_घरमालक

नमस्कार. आम्ही विकत घेतलेल्या जुन्या घराबाबत बांधकाम विभागाची नोटीस आली असून तीत तीन उल्लंघने नोंदवली आहेत. बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेली आहे, दोन खोल्यांमधली भिंत काढून तिच्या जागी काँक्रीटची तुळई टाकलेली आहे आणि जिन्यातून बाहेर पडण्याच्या वाटेत पक्के कपाट बांधलेले आहे. तिन्ही कामे आधीच्या मालकाची असली तरी नोटीस आमच्या नावे आहे आणि मुदत उलटल्यावर दंड दररोज वाढत जाईल, असे तीत म्हटले आहे. सर्व पाडून पूर्ववत करावे, नियमित करून घ्यावे (म्हणजे शुल्क भरून मागाहून परवानगी मिळवावी), की आधी सुनावणी मागावी? दंड कमी होण्यास कितपत वाव असतो?

उत्तर : नकाशा_आणि_ओळंबा

तिन्ही बाबींचा एकत्र विचार करू नका, कारण त्यांची वाट वेगवेगळी आहे.

कपाटाचा प्रश्न सोपा आहे. सुटकेच्या मार्गातला अडथळा सहसा कुठेच नियमित होत नाही, म्हणून ते लगेच काढा, आधीची आणि नंतरची छायाचित्रे ठेवा, पूर्तता झाल्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोहोच घ्या. प्रतिदिन आकारला जाणारा दंड बहुधा काम संपले त्या दिवशी थांबत नाही. पूर्ततेची दप्तरी नोंद होते तेव्हा थांबतो. या दोन तारखांमधले अंतर मालकाला भरावे लागते आणि ते बरेचदा अर्ज न दिल्यामुळेच पडलेले असते.

भिंतीबाबत मात्र घाई नको. ती केवळ आडभिंत होती की वरच्या मजल्याचा भार पेलत होती, हे मूळ मंजूर नकाशा पाहून आणि जागेवर तपासणी करून स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या. तुळई गिलाव्याआड गेल्यामुळे आतल्या सळ्या निरीक्षकाला दिसणार नाहीत. त्यामुळे काही ठिकाणी गिलावा उघडावा लागेल किंवा सळ्यांचा शोध घेणाऱ्या उपकरणाने मोजणी करावी लागेल. हातोडा चाचणीतून पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज येतो, तेवढ्यावर समाधान मानू नये. शंका उरल्यास काँक्रीटच्या गाभ्याचे नमुने (आतून कापून काढलेले दंडगोल) काढून त्यांची ताकद तपासतात. तीन नमुन्यांची सरासरी संकल्पित (आराखड्यात धरलेल्या) ताकदीच्या किमान ८५ टक्के असावी आणि एकही नमुना ७५ टक्क्यांखाली नसावा, हा त्यासाठीचा सर्वसाधारण निकष आहे. भिंत भारवाहक निघाली आणि तुळई अपुरी ठरली, तर दंडाची चर्चा नंतर; आधी टेकू लावून घ्या.

बाल्कनी नियमित होईल की नाही, हे शिल्लक चटई क्षेत्र (भूखंडावर अजून बांधता येणारे क्षेत्रफळ), सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) आणि आतल्या खोलीला मिळणारा उजेड व वारा यांवर अवलंबून आहे.

उत्तर : सुनावणीचा_अनुभव

वरील मताशी सहमत आहे. दंडापुरते लिहितो.

उल्लंघन मालमत्तेला चिकटलेले असते, त्यामुळे मालक बदलल्याने जबाबदारी संपत नाही. पण दंड सौम्य करण्यासाठी मालक बदलणे हा विचारात घेण्याजोगा मुद्दा असतो. सुनावणीचा अर्ज मुदतीच्या आतच द्या आणि त्याआधी नोटिशीतील मजला, मोजमापे, पाहणीची तारीख व नियमाचा उल्लेख जागेवरील वस्तुस्थितीशी ताडून पाहा. मापे चुकलेली असतील तर तो आक्षेप स्वतंत्रपणे मांडा. "उल्लंघन झालेलेच नाही" आणि "उल्लंघन दूर केले आहे" हे एकाच परिच्छेदात लिहिणारे अर्जदार दोन्ही बाजू कमकुवत करून घेतात.

अधिकाऱ्यासमोर आर्थिक ओढाताणीपेक्षा कागद अधिक बोलतात. खरेदीखताची तारीख, पूर्वी एकही नोटीस नसल्याची वस्तुस्थिती, इंजिनिअरचा अहवाल आणि उरलेल्या कामाचे तारखांसह वेळापत्रक सोबत जोडा. एक मागणी बहुतेक जण विसरतात : तुमचा नियमितीकरणाचा अर्ज कार्यालयात प्रलंबित असेल तितक्या काळाचा दंड आकारू नये, अशी लेखी विनंती करा. ती मान्य झाली तर फरक मोठा पडतो. नियमितीकरणाचे शुल्क आणि दंड या वेगळ्या रकमा आहेत. एकीत सवलत मिळाली म्हणून दुसरी कमी होत नाही.

खरेदीखतात नुकसानभरपाईची अट असल्यास आधीच्या मालकाकडून वसुलीचा दावा करता येईल, परंतु त्याच्या निकालासाठी पूर्तता थांबवू नका.

उत्तर : हिशेबी

बाल्कनीच्या बाबतीत नियमितीकरण हीच पहिली निवड असावी, असे मला वाटत नाही. शुल्क, नकाशे, तज्ज्ञांचे मानधन आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा काळ धरला, तर बाल्कनी पुन्हा मोकळी करणे अनेकदा स्वस्त पडते. शिवाय अर्ज फेटाळला गेल्यास ती पाडावी लागतेच. ती खोली खरोखर गरजेची आहे का, एवढे घरात बसून ठरवा.

प्रश्नकर्ते : नवे_घरमालक

सर्वांचे आभार. सुनावणी बाकी असताना कपाटाच्या पूर्ततेचा अर्ज दिला, तर उरलेली दोन उल्लंघनेही आम्ही मान्य केली, असा अर्थ निघेल का?

उत्तर : सुनावणीचा_अनुभव

अर्जात बाब क्रमांक स्पष्ट लिहा आणि "इतर बाबींवरील आमचे म्हणणे अबाधित ठेवून" हे शब्द घाला, म्हणजे तसा अर्थ काढता येणार नाही. प्रत्येक बाब बंद झाल्याचा लेखी आदेश स्वतंत्रपणे मागा. थकीत दंडाचा बोजा (वसुलीसाठी केलेली नोंद) मालमत्तेवर चढवला गेला असेल, तर रक्कम भरल्यावर तो आपोआप उतरेल असे गृहीत धरू नका. बोजा कमी केल्याची नोंद स्वतः पाहून तिची प्रत घ्या.