मदत हवी आहे: गोल्फमधला लांब पार थ्री (तीन फटक्यांत संपवायचा होल) चांगला कशाने होतो?
मंडळी, आमच्या कोर्सवरचा १६५ यार्डांचा पार थ्री मागे नेऊन २२० करायचं घाटतंय. ग्रीनसमोर (खळग्याभोवतालची बारीक कापलेली हिरवळ) आडवा बंकर (वाळूचा खड्डा), म्हणजे चेंडू उडवूनच न्यायचा. माझ्यासारख्या अठरा हँडिकॅपवाल्याने, म्हणजे साधारण खेळाडूने, थ्री वूड (लांब मारायची काठी) काढला तरी तो ग्रीनवर थांबतोय कशाला!

उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरश कोर्सचा सोळावा होल, ‘कॅलॅमिटी कॉर्नर’, २३६ यार्डांचा. उजवीकडे खोल दरी, पण ग्रीनच्या डावीकडे एक खोलगा आहे. १९५१ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉकने चारही फेऱ्यांत मुद्दाम तिथेच चेंडू टाकला आणि पार काढला. अमेरिकेतल्या ओकमाँट कोर्सचा आठवा होल तर ३०० यार्डांपर्यंत जातो, तरी ग्रीनचं तोंड उघडं, म्हणजे चेंडू घरंगळतही नेता येतो.

रविवारी कमिटीपुढे बोलायचंय. बंकर सरकवा म्हणू, की ग्रीनच्या बाजूला पोर्टरशसारखी चेंडू टाकायला जागा मागू? किती रुंद? असा बदल झालेल्या होलवर कुणी खेळलंय का?