इगतपुरीच्या शिबिरानंतर घरी काय टिकते?

प्रश्न: डोंबिवलीहून लोकलने जाता-येतानाही कार्यालयाचे निरोप मोबाइलवर येतच राहतात, त्यामुळे मन कुठेच स्थिर होत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातील १० दिवसांचे विपश्यना ध्यानाचे शिबिर करावे का?

उत्तर १: पहाटे ४ वाजता घंटा होते, मोबाइल जमा करावा लागतो आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन असते. सुरुवातीचे साडेतीन दिवस केवळ नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचे असते. मला तेव्हा शांतता लाभली नाही, उलट गुडघे दुखले आणि जुनी भांडणे आठवली. पुढे शरीरभरच्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहू लागल्यावर मात्र आपण किती चटकन चिडतो, हे प्रथमच दिसले.

उत्तर २: शुल्क नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावरच ते चालते. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास ध्यानाला बसण्यास सांगतात, पण लहान मुलांच्या घरात ते कसले जमते! मी सकाळची २० मिनिटे राखली आहेत.

उत्तर ३: मानसिक आजारावर उपचार चालू असल्यास अर्जात तसे स्पष्ट लिहावे आणि आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शिबिर अकराव्या दिवशी सकाळी संपते, म्हणजे रजा बरीच लागेल. तोवर लोकलमध्ये मोबाइल पिशवीतच ठेवून पाहतो.