जुन्या बुलेटचे टायमिंग लावूनही पुन्हा पुन्हा बिघडते

शाहूपुरी३५०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांची १९८६ सालची बुलेट ३५० आहे, कास्ट आयर्न इंजिनाची, पॉइंट (उघडताच प्लगची ठिणगी पाडणारे विजेचे संपर्क) आणि कंडेन्सरवर (पॉइंट जळू न देणारा भाग) चालणारी. सकाळी थंड इंजिनावर ती दुसऱ्या किकला सुरू होते. मात्र पन्हाळ्याचा चढ चढून वर गाडी बंद केली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा किक मारली, तर किक उलटी मारते. मागच्या रविवारी पोटरी चांगलीच सुजली. गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला तरी इंजिन लवकर स्लोला (सर्वांत कमी वेगाला) येत नाही आणि चढावर गिअर वरचा असला की इंजिनाच्या डोक्यातून कटकट आवाज येतो.

मी घरीच तीन वेळा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावले. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी.च्या दरम्यान ठेवला आणि पिस्टन टॉपच्या (त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या) आधी ०.८ मि.मी.वर असताना पॉइंट उघडतील अशी पॉइंटची प्लेट फिरवून घट्ट केली. पिस्टनचे अंतर प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक सोडून मोजले. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी उत्तम चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवून टाका, असे एका गॅरेजमध्ये सांगितले, परंतु वडिलांनी जशी चालवली तशीच ती ठेवावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझे नेमके काय चुकते आहे?

पानेवाला_लक्ष्मीपुरी

पहिली शंका मला तुमच्या स्पोकची येते. या इंजिनात प्लगचे भोक तिरके असल्यामुळे स्पोकही तिरका उतरतो, आणि त्यावरच्या खुणेचे सरकणे म्हणजे पिस्टनचे सरकणे नव्हे. जिथे सगळा हिशेब ०.८ मि.मी.चा आहे, तिथे एवढी चूक पुरेशी ठरते. शिवाय टॉपजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो, त्यामुळे नेमका टॉप डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्याऐवजी प्रायमरी केसचे, म्हणजे क्लचच्या बाजूचे, झाकण काढून (आतले ऑइल सांडते, खाली ट्रे ठेवा) क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाला अंशांची चकती लावा. प्लगच्या जागी पिस्टनला अडवणारा बोल्ट बसवून इंजिन हाताने आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने अडेपर्यंत फिरवा. त्या दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे टॉप. या इंजिनाचा स्ट्रोक ९० मि.मी. आहे, म्हणून ०.८ मि.मी. म्हणजे क्रँकचे सुमारे साडेनऊ अंश होतात.

तो टॉप कॉम्प्रेशनचाच (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाचा) आहे ना, हे टॅपेटचे झाकण उघडून पाहा. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बोटांनी मोकळे फिरले पाहिजेत. गॅप नेहमी आधी आणि टायमिंग नंतर लावावे, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जाते. इंजिन खुणेच्या मागे नेऊन पुन्हा चालण्याच्या दिशेनेच खुणेवर आणावे, म्हणजे गिअरच्या दातांतील ढिलाई मोजमापात येत नाही. पॉइंट उघडण्याचा क्षण गाडीवरचा ॲमीटरच (विजेचा प्रवाह दाखवणारा काटा) दाखवतो: दिवे बंद ठेवून चावी चालू केली की काटा डिस्चार्जकडे जातो आणि पॉइंट उघडताच शून्यावर परततो. काम झाल्यावर चावी बंद करायला विसरू नका, कारण पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

गंगावेशकर

वरची पद्धत अगदी योग्य आहे, पण मोजमाप चुकले असते तर गाडी पहिल्या दिवसापासूनच वाईट चालली असती. तुमची दोन दिवस चांगली चालते आणि गरम झाल्यावरच बिघडते, म्हणून मला ॲडव्हान्स युनिटचा (वेगाप्रमाणे टायमिंग बदलणाऱ्या भागाचा) संशय आहे. पॉइंट प्लेटच्या मागे दोन लहान वजने आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजने बाहेर फाकतात आणि पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते; वेग उतरला की स्प्रिंगांनी ती मिटवायची असतात. जुने ग्रीस घट्ट झाले किंवा स्प्रिंग ताणली गेली, की वजने उघडीच राहतात आणि तुमची तिन्ही लक्षणे त्यातून निघतात.

यात आणखी एक फसवणूक आहे. ०.८ मि.मी.चे माप वजने पूर्ण मिटलेली असतानाचे आहे. ती अर्धवट उघडी असताना तुम्ही प्लेट लावली, तर ती सुटल्यावर टायमिंग मागे पडते. मिटलेली असताना लावली, तर अडकल्यावर पुढे जाते. म्हणजे तुमचा हात बरोबर असूनही दर वेळी उत्तर वेगळे येते. पॉइंटचे झाकण काढून कॅम दोन बोटांनी फिरवून सोडा: तो झटकन जागेवर यायला हवा. रेंगाळला तर दोष सापडलाच. तसेच कॅमचा शाफ्ट बोटाने वर-खाली हलवून पाहा. गॅप बदलताना दिसला तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ते कडे) झिजले आहे आणि कितीही मोजले तरी टायमिंग स्थिर राहणार नाही. तोवर किक मारताना बूट घाला आणि डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी कळ) वापरून पिस्टन टॉपच्या थोडा पुढे नेल्याशिवाय जोर लावू नका.

राजारामपुरी_सायंकाळ

पॉइंट उघडलेच आहेत, तर त्यांची तोंडेही पाहून घ्या. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टोक वाढलेले असेल तर कंडेन्सर बदला, कारण अशा पॉइंटमध्ये फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) टोकावर टेकते आणि गॅप खरा कळत नाही.

शाहूपुरी३५०

काल संध्याकाळी उघडले. कॅम फिरवून सोडला तर अर्ध्या वाटेवरच थांबला. युनिट काढून रॉकेलमध्ये धुतले. पिनांवरचे ग्रीस डांबरासारखे काळे आणि चिकट झाले होते. एक स्प्रिंग ताणून दुसरीपेक्षा स्पष्ट लांब झालेली होती, म्हणून दोन्ही नव्या घातल्या आणि पिनांवर ऑइलचा एकेक थेंब दिला. आता कॅम टिचकी मारल्यासारखा परत येतो. त्यानंतर चकती लावून टायमिंग पाहिले, तर माझ्या स्पोकने साडेनऊऐवजी तेरा अंश दिले होते, म्हणजे दोन्ही दोष एकत्र होते.

आज पन्हाळ्यावर जाऊन गरम इंजिनावर चार वेळा किक मारली, एकदाही उलटी बसली नाही आणि स्लोही लगेच लागला. शाफ्टमध्ये मात्र किंचित हालचाल जाणवते, म्हणून नवे बुश करून घेण्यासाठी सोमवारी उद्यमनगरातल्या लेथवर जाणार आहे.