बुधवारचा चिकन-भात: भाताचा गिचका होतोय, काय चुकतंय?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला आहे, घरी पोचायला सव्वासात वाजतात. आमच्यात सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, म्हणून आठवड्यात चिकन बुधवारी. तांबडा-पांढरा रविवारी करते, पण कामाच्या दिवशी खोबरं-तीळ-खसखस भाजत बसायला वेळ कुठला? कुकरात अर्धा किलो चिकन, दोन वाट्या तांदूळ, चार वाट्या पाणी, सगळं एकदम घालून तीन शिट्ट्या काढते. भाताचा गिचका आणि छातीच्या तुकड्यांचा चोथा. मुलगा पाच वर्षांचा, त्याला तिखट चालत नाही. सासऱ्यांना तिखटाशिवाय घास उतरत नाही. दोन स्वयंपाक जमत नाहीत हो.

उत्तर (मंगळवार पेठ)
ताई, चिकनला सुटणारं पाणी तुम्ही मोजलेलंच नाही. आणि तीन शिट्ट्या ब्रॉयलरला लई होतात.

आळणी भात करा. आळणी म्हणजे चिकन शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. आळणीवरच आपले दोन्ही रस्से उभे असतात. रस्से सोडा, आळणी धरा. आल्या आल्या तांदूळ धुऊन निथळत ठेवा. चिकनला हळद, मीठ, चमचाभर आलं-लसूण चोळा. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि एक कांदा परता, मग चिकन टाका. वर ताट झाका आणि ताटात पाणी ओता. माझ्या सासूबाई असंच करायच्या, तेच तापलेलं पाणी पुढं चिकनमध्ये. चार वाट्या पाणी घालून वीस मिनिटांत तुकडे शिजतात. ते बाहेर काढा आणि आळणी वाटीनं मोजा. इथंच सगळं आहे. दोन वाट्या तांदळाला चार वाट्या आळणी ठेवा, उरलेली मुलाला प्यायला द्या. तांदूळ घाला, पाणी आटत आलं की निम्मे तुकडे वर ठेवून मंद गॅसवर दहा मिनिटं वाफ.

राहिलेले तुकडे सासऱ्यांचे. तेवढ्या दहा मिनिटांत कढईत थोडं तेल, दोन चमचे कांदा-लसूण चटणी, पळीभर आळणी. सुक्कं तयार.

उत्तर (आजरा)
काकूंचं माप जुन्या तांदळाला बरोबर आहे. नव्याला अर्धी वाटी कमी धरा. आमच्या आजरा घनसाळचा करणार असाल (२०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय त्याला), तर खडा मसाला एका लवंगेवर आणा. त्या तांदळाला स्वतःचा वास आहे, तो मारू नका. आणि छाती घेऊच नका, हाडासकट तंगडी-मांडी घ्या. आळणीला चव हाडाची.

उत्तर (कसबा बावडा)
हळद-मीठ सकाळीच लावून फ्रीजमध्ये ठेवत जा. दहा मिनिटं वाचतात.

प्रश्न विचारणारी (राजारामपुरी)
काकू, काल केला. सात वीसला सुरुवात, आठ वीसला ताटं वाढली. चार वाट्या पाणी घातलेलं, आळणी निघाली साडेचार! म्हणजे इतके दिवस ही जादाची अर्धी वाटी भातात जात होती. शीत न् शीत मोकळं झालं. मुलानं उरलेली आळणी पिऊन परत मागितली. सासऱ्यांनी सुक्कं घेतलंच, पण दुसऱ्यांदा वाढताना म्हणाले, “तो पोराचा भात वाढ.”

चटणी मात्र जरा करपली. तेल लई तापलं होतं का? ती गॅस बंद करून घालायची, की आधी आळणी घालून मग?

उत्तर (मंगळवार पेठ)
आधी आळणी, मग चटणी. कोरड्या तेलात ती क्षणात जळते.