‘नॉनस्पेसिफिक’ साचण्याला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
कर्करोगावरच्या औषधांबद्दल मराठीत लेख लिहिते आहे. औषध किंवा स्कॅनसाठी टोचलेले द्रव्य गाठीत ‘नॉनस्पेसिफिक’ रीतीने, म्हणजे पेशीवरच्या ठरावीक लक्ष्याला न चिकटताच, जमा होते, हा मुद्दा त्यात सतत येतो. ‘अविशिष्ट संचय’ चालेल की ‘अनिर्दिष्ट शोषण’?

प्रतिसाद
‘अनिर्दिष्ट’ नको. ज्याचा निर्देश केला नाही ते अनिर्दिष्ट, म्हणजे द्रव्य कुठे गेले हे सांगायचे राहून गेले असे वाटेल. इथे जागा तर पक्की माहीत असते.

तिथे काय घडते ते पाहिले की शब्द सुचतो. गाठ वाढताना तिच्यातल्या नव्या रक्तवाहिन्या घाईत, अर्धवट तयार होतात. अस्तराच्या पेशींमध्ये फटी राहतात. निरोगी वाहिनीतून सहसा बाहेर न पडणारे, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासारखे मोठे रेणू, शंभरेक नॅनोमीटरचे कण या फटींतून झिरपतात. त्यात ऊतींतला जास्तीचा द्रव परत नेणाऱ्या लसीकावाहिन्यांचा गाठीतला निचरा कमजोर, त्यामुळे झिरपलेले लवकर परतत नाही. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये हे मांडले. ‘ईपीआर परिणाम’ (वाढलेली झिरप आणि टिकून राहणे) म्हणतात तो हाच. इव्हान्स ब्लू नावाचा रंग रक्तात अल्ब्युमिनला चिकटतो. गाठ असलेल्या उंदराला तो टोचला की गाठ निळी पडते, आणि गाठीच्या पेशींवरच्या कुठल्याही रिसेप्टरशी (ठरावीक रेणू धरणाऱ्या जागेशी) त्या रंगाचे काही देणेघेणे नसते.

म्हणून ‘साचणे’ हेच क्रियापद घ्या. साठवायला कुणीतरी लागते. साचते ते आपोआप, बाहेर जायला वाट नसते म्हणून. ‘शोषण’ म्हटले की पेशीने ओढून घेतल्यासारखे होते.

प्रतिसाद
‘साचणे’ एकदम पटले. माझी हरकत ‘अविशिष्ट’ला आहे. प्रयोगशाळेतले ‘नॉनस्पेसिफिक’ आणि पेट (पीईटी) स्कॅनच्या, म्हणजे टोचलेले किरणोत्सारी द्रव्य शरीरात कुठे जमते ते दाखवणाऱ्या तपासणीच्या, अहवालातले ‘नॉनस्पेसिफिक’ हे दोन वेगळे अर्थ आहेत.

पेट स्कॅनला बहुतेकदा एफडीजी देतात. ही किरणोत्सारी खूण लावलेली, ग्लुकोजसारखीच साखर. पेशी ती ग्लुकोजच्या वाहकांमार्फत आत घेते, हेक्झोकायनेज हे पेशीतले विकर तिला फॉस्फेट जोडते आणि ती आतच अडकते. यात गळती नाही, पेशीने घेतलेलेच आहे. इथे ‘शोषण’ शोभते. तरीही अहवालात ‘नॉनस्पेसिफिक अपटेक’ लिहितात, कारण क्षयाच्या गाठी, जंतुसंसर्ग, सूज यांतल्या पेशीही हीच साखर भरपूर घेतात. नुसत्या चित्रावरून रोग ठरवता येत नाही, एवढेच त्यांना म्हणायचे असते.

आता रुग्णाच्या घरच्यांनी ‘अविशिष्ट’ वाचले तर ते अर्थ काय लावतील? ‘विशेष काही नाही.’ आणि पुढची तपासणी लांबेल. त्या जागी चार शब्द जास्त गेले तरी ‘कारण न ठरवता येणारे शोषण’ असेच लिहावे.

प्रयोगशाळेतल्या अर्थासाठी मी ‘लक्ष्यनिरपेक्ष’ सुचवेन. तिथली कसोटीही या शब्दात बसते. किरणोत्सारी खूण लावलेली अँटीबॉडी (ठरावीक लक्ष्याला चिकटणारे प्रथिन) देण्याआधी तीच अँटीबॉडी खुणेविना भरपूर देतात, म्हणजे रिसेप्टर आधीच व्यापले जातात. तरीसुद्धा गाठीत जे उतरते ते लक्ष्यनिरपेक्ष.

प्रश्नकर्ती
‘लक्ष्यनिरपेक्ष साचणे’ घेते, आणि अहवालाबद्दल वेगळा परिच्छेद करते. मग ‘पॅसिव्ह टार्गेटिंग’चे, म्हणजे या गळतीच्याच भरवशावर औषध गाठीत पोचवण्याला जे म्हणतात त्याचे, काय करू? ‘निष्क्रिय लक्ष्यवेध’ लिहून ठेवले आहे.

प्रतिसाद
खोडा ते. वेध घ्यायला आधी नेम धरावा लागतो, इथे तो धरलेलाच नाही. शिवाय या शब्दाने भलती आशा लागते. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा एक आढावा निघाला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्या भागाचा मध्यक त्यात ०.७ टक्के भरला. यकृत आणि प्लीहा यांच्या वाट्याला एरवी याहून कितीतरी जास्त जाते. ‘लक्ष्यवेध’ वाचणाऱ्याला याची शंकासुद्धा येणार नाही. ‘गळतीमुळे गाठीत साचणे’ लिहा, आणि हा आकडा त्याच वाक्याला जोडून द्या.